पालं कुठं पडलीत?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, एका चोरीपासून सुरुवात करतो. चोरी आमच्याच घरातली आहे, आणि ती झालीच नव्हती.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षे झाली होती. आमच्या खेड्यात एके सकाळी आजीचे चांदीचे तोडे सापडेनात. आजोबांनी पोलीस पाटलाच्या कानावर घातले, पाटलाने ठाण्यावर वर्दी दिली. दुपारी हवालदार सायकलवरून आला. ओसरीवर बसून त्याने चहा घेतला, कपबशी खाली ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला, "सध्या पालं कुठं पडलीत?"

ओढ्याच्या पलीकडे पारध्यांची चार-पाच पालं होती. त्यांतले दोन पुरुष त्याने नेले. तोडे शेवटचे कधी पाहिले, पेटीला कुलूप होते का, घरात पाहुणे कोण आले होते, यांतले काहीच कोणी विचारले नाही. पाचव्या दिवशी ज्वारी काढायला आईने कणगीत हात घातला आणि तोडे हाताला लागले. दुष्काळात चोऱ्या फार, म्हणून आजीनेच ते खोल दडवले असणार आणि विसरली असणार. आजोबा त्या संध्याकाळी बराच वेळ गप्प बसून होते. मग म्हणाले, "आता सांगायला गेलं तर हवालदार चिडंल. सोडतीलच की दोन दिसांनी." ते ठाण्यावर गेले नाहीत. ती दोन माणसे नवव्या दिवशी सुटली. दुसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडची जागा मोकळी होती. चुली तेवढ्या राहिल्या होत्या.

आमचे आजोबा दुष्ट नव्हते, हे मी नातू म्हणून सांगत नाही. गावात त्यांच्या शब्दाला मान होता. हवालदारही काही वेगळा माणूस नव्हता. तो जे करत होता ते त्याला शिकवलेले होते, आणि ती शिकवण दीडशे वर्षे जुनी होती. ती आली कुठून, हे शोधताना माझ्या लक्षात आले की तिचा बराचसा रस्ता आपल्याच भागातून गेलेला आहे.

शिक्षा कशासाठी करायची, याची उत्तरे आपण शाळा-कॉलेजात पाठ करतो. केल्याची फेड व्हावी, इतरांना वचक बसावा, गुन्हेगार सुधारावा, ज्याचे नुकसान झाले त्याचे भरून निघावे. परीक्षेत हे चार मुद्दे लिहिले की गुण मिळतात. त्यांतला कोणता खरा, यावर मोठमोठे ग्रंथ झाले आहेत. पण आमच्या ओसरीवर विचारलेल्या प्रश्नात या चारांपैकी एकही नव्हता. तिथे प्रश्न त्याच्याही अलीकडचा होता: शिक्षा कोणाला करायची? ज्याने केले त्याला, की जो तसा 'असतो' त्याला?

आधी इंग्रजांच्या पूर्वीचे थोडे पाहू. आपला मुलूख निजामाचा, शेजारचा पेशव्यांचा, पण गावगाड्याची रीत सरहद्द ओलांडली म्हणून फारशी बदलत नसे. पेशवाई बुडाल्यानंतर १८१९ मध्ये एल्फिन्स्टनने कंपनी सरकारला जो अहवाल पाठवला, त्यात चोरीच्या तपासाची ही रीत नोंदलेली आहे. चोरी झाली की गावचा राखणदार माग काढत निघायचा. पाऊलखुणा शिवेपर्यंत गेल्या की तो माग पुढच्या गावच्या राखणदाराच्या स्वाधीन करायचा. ज्या गावात माग संपला, त्या गावाने चोर द्यायचा किंवा माल भरून द्यायचा. आपल्या जुन्या कागदांत 'गुन्हेगारी' हा शब्द दंडाच्या रकमेसाठी वापरलेला आढळतो, ही मला फार बोलकी गोष्ट वाटते. आज तो शब्द माणसाच्या स्वभावाला किंवा एखाद्या वस्तीला चिकटवला जातो. तेव्हा ती भरून मोकळे होण्याची रक्कम होती.

हे ऐकून कोणी म्हणेल, किती शहाणपणाची पद्धत! भरपाई मिळाली, भांडण मिटले. पण थांबा. चोर सापडला नाही तर पहिला भार राखणदारावर पडे. राखणदार कोण? रामोशी, भिल्ल, किंवा त्या त्या भागातली अशीच एखादी जमात. त्याने चोरी केली नाही हे सर्वांना ठाऊक असूनही त्याच्याकडून जमेल तेवढे वसूल व्हायचे आणि उरलेले गावावर बसायचे. शिवाय गंभीर गुन्ह्यांना हात तोडण्यासारख्या शिक्षाही त्या काळात होत्या. तेव्हा जुने सगळे सोन्याचे होते असे मला म्हणायचे नाही. भरपाईचा विचार चांगला, पण भरणारा माणूस जातीने ठरलेला.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. नळदुर्गचा किल्ला बघायला आपण पावसाळ्यात जातो. बोरी नदीवरचा बंधारा, त्याच्या पोटातला पाणीमहाल, नर-मादी धबधबे. त्याच नळदुर्गात १८५३ मध्ये मेडोज टेलर नावाचा इंग्रज मुख्य अधिकारी म्हणून आला. त्या वर्षीच्या तहाने निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला नळदुर्ग-धाराशिवचा भाग कंपनीच्या ताब्यात दिला होता. १८६० च्या तहाने आपला भाग निजामाला परत मिळाला. मधल्या काळातली पहिली चार वर्षे, १८५७ पर्यंत, टेलर इथे होता. जमाबंदी, रस्ते, न्याय, सगळे त्याच्याकडे. भारतीय दंड संहिता तेव्हा अस्तित्वातच नव्हती. ती मंजूर झाली १८६० मध्ये आणि लागू झाली १८६२ च्या जानेवारीत.

पण टेलरला हा भाग नवा नव्हता. पंधरा वर्षांचा पोरगा म्हणून तो हिंदुस्थानात आला, निजामाच्या चाकरीत लागला आणि १८२० च्या दशकाच्या अखेरीस पोलीस अधिकारी म्हणून याच बाजूला हिंडला. तुळजापूर त्याच्या मनात इतके बसले की पुढे त्याने 'तारा' नावाची कादंबरी लिहिली, ती तुळजापूरच्याच एका शास्त्र्याच्या मुलीची. मात्र इंग्लंडात तो प्रसिद्ध झाला दुसऱ्याच पुस्तकामुळे. १८३९ मध्ये त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी निघाली आणि 'ठग' हा आपला शब्द इंग्रजांच्या घराघरात पोचला.

त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत टेलरने आपल्याच मराठवाड्यातली एक हकिकत दिली आहे. १८३२ मध्ये हिंगोलीच्या छावणीत ठगांचा तपास सुरू झाला. तिथे हरिसिंग नावाचा एक व्यापारी होता. अधिकाऱ्यांच्या ओळखीचा, प्रतिष्ठित. त्याने मुंबईहून कापड आणण्यासाठी परवाना घेतला, एका व्यापाऱ्याला वाटेत मारले, त्याचेच कापड त्या परवान्यावर आणले आणि छावणीत राजरोस विकले. साहेब लोकांनीही ते विकत घेतले असेल! टेलर तेव्हा तिथेच होता. आपण रोज ज्याला नमस्कार करत होतो तो गळा आवळणारा निघाला, याचा त्या मंडळींना बसलेला धक्का त्याच्या लिखाणात दिसतो.

या धक्क्यातून सरकारने जे ठरवले ते पाहण्यासारखे आहे. १८३६ चा तिसावा कायदा. त्याचा मथितार्थ असा: एखादा माणूस कधीकाळी ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले की त्याला जन्मभर सक्तमजुरीची कैद. त्याने कोणाला, कुठे, केव्हा मारले हे दाखवण्याची गरज नाही. टोळीतले असणे कायदा होण्यापूर्वीचे असले तरी चालेल. कंपनीच्या मुलखाबाहेरचे, म्हणजे निजामाच्या राज्यातले असले तरी चालेल. पुढच्याच वर्षी आणखी एक कायदा करून आधी दोषी ठरलेल्या माणसाची साक्षही ग्राह्य धरण्याची सोय झाली.

साक्ष द्यायची कोणी? तर माफीच्या साक्षीदाराने. पकडलेल्या ठगाने साथीदारांची नावे सांगितली की त्याची फाशी टळे. आता तुम्हीच विचार करा, ज्याची मान दोरात आहे तो किती नावे सांगेल? विचारतील तितकी. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनने या साक्षींवरून ठगांच्या कुळांच्या वंशावळी तयार केल्या. बाप ठग, मुलगा ठग, मेहुणा ठग. १८२६ ते १८४८ या काळात चार हजारांहून अधिक जणांवर खटले झाले आणि पाचशेच्या आसपास माणसे फासावर गेली.

इथे एक सावधगिरी ठेवली पाहिजे. ठग ही सारी इंग्रजांची कल्पना होती असे म्हणणारे काही जण आहेत. मला ते पटत नाही. साक्षीदारांनी दाखवलेल्या जागी खणल्यावर प्रेते निघाली आहेत. यात्रेला गेलेला माणूस परत आला नाही म्हणून वाट पाहणाऱ्या बाया-पोरांना ती कल्पना नव्हती. ते वाटमारे होते आणि त्यांना पकडणे हे सरकारचे कामच होते. पण भवानीची आज्ञा म्हणून पिढ्यानपिढ्या खून करणारा एकच एक पंथ देशभर पसरला आहे, हे चित्र मात्र साक्षीदारांची भीती, अधिकाऱ्यांचा उत्साह आणि टेलरसारख्यांची लेखणी यांनी मिळून रंगवले. तुळजापूरच्या आईला मानणाऱ्या आपल्या भागात हे चित्र टोचायला हवे होते.

तेव्हाचा सरकारी युक्तिवाद सरळ होता. रस्ते सुरक्षित व्हायला हवेत, त्यासाठी दहशत बसली पाहिजे. आणि रस्ते सुरक्षित झालेही. पण केवळ वचक हाच हेतू धरला तर एक अडचण येते. वचक बसण्यासाठी पकडलेला माणूस खरा दोषी असावाच लागतो असे नाही. लोकांना तो दोषी वाटला की पुरे. चुकीचा माणूस फासावर गेला तरी बघणाऱ्यांची गाळण तितकीच उडते.

यापुढचे पाऊल १८७१ मध्ये पडले. तोवर टोळीत असणे हा गुन्हा होता. आता जमातीत असणे हा गुन्हा झाला. कायदेमंडळात त्याचे समर्थन करताना असे सांगण्यात आले की या देशात जसा सुताराचा मुलगा सुतार, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार. तो त्याचा जातिधंदाच आहे. म्हणजे जातिव्यवस्था आपली, तर्क त्यांचा. हा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तरेत आला आणि १९११ मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला. निजामाच्या राज्यातही याच वळणाचे नियम झाले. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की त्याविरुद्ध कोर्टात दाद मागायची सोय नाही. नावे नोंदवायची, बोटांचे ठसे द्यायचे, हजेरी द्यायची, परगावी जायचे तर दाखला घ्यायचा. १९११ च्या कायद्याने सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळे काढण्याचा अधिकारही सरकारला दिला.

आपल्याकडून सोलापूर पन्नास किलोमीटरच्या आत. तिथे मोठी सेटलमेंट झाली, तारेचे कुंपण घातलेली वसाहत. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींची कुटुंबे तिच्यात ठेवली गेली. आजही सोलापुरात 'सेटलमेंट' म्हटले की रिक्षावाला पत्ता विचारत नाही. आता इथे नीट ऐका, कारण माझ्या बोलण्याचा गाभा इथे आहे. ही सेटलमेंट छळासाठी काढली असे कोणी म्हणत नव्हते. ती सुधारणेसाठी काढली होती. तिथे शाळा होती, मिशनरी होते, गिरणीत काम मिळत होते. हेतू विचारला तर उत्तर आले असते की या लोकांना कष्टाची सवय लावायची आहे. तारेच्या आत जन्मलेल्या मुलाने मात्र काय केले होते?

याच काळात, सोलापूरच्या पश्चिमेला औंध संस्थानात, सुधारणेचाच दुसरा प्रयोग झाला. आटपाडीजवळ १९३९ मध्ये स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे राज्य आणि मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याची कल्पना. खुनासाठी शिक्षा झालेले कैदी तिथे भिंतीशिवाय राहिले, शेती करू लागले, बायका-मुलांना घेऊन राहू लागले. शांतारामबापूंचा 'दो आंखे बारह हाथ' (१९५७) याच प्रयोगावरून आला. त्याची कथा लिहिणारे गदिमा त्याच माणदेशातले.

दोन्ही ठिकाणी शब्द एकच, सुधारणा. एकीकडे खुनी माणूस मोकळ्या रानात आणि दुसरीकडे निष्पाप पोर तारेमागे, हे कसे? मला वाटते फरक दयेचा नाही. स्वतंत्रपूरच्या प्रत्येक कैद्यामागे एक खटला होता. त्याने स्वतः केलेले एक कृत्य होते, ते सिद्ध झाले होते, त्याला मोजलेली शिक्षा होती आणि त्या शिक्षेला शेवट होता. सेटलमेंटमधल्या माणसामागे फक्त नाव होते. कृत्यच नाही, तर शिक्षा संपणार कधी? 'केल्याची फेड' हे तत्त्व आपल्याला कठोर, जुनाट वाटते. जशास तसे म्हणून आपण त्याला नाके मुरडतो. पण केले असेल तरच आणि केले असेल तेवढेच, ही लगाम त्याच तत्त्वात आहे. तो सोडून दिला की वचकही मोकाट सुटतो आणि सुधारणाही.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर आपण निजामाच्या राज्यातून सुटलो. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना आली. तिचे विसावे कलम सांगते की कृत्य घडले तेव्हा जो गुन्हा नव्हता, त्यासाठी नंतर कायदा करून शिक्षा देता येणार नाही. १८३६ चा ठगांचा कायदा या एका वाक्यापुढे उभा राहू शकला नसता. ३१ ऑगस्ट १९५२ ला गुन्हेगार जमाती कायदाही देशभर रद्द झाला. सव्वाशेच्या आसपास जमातींवरचा शिक्का कागदावरून पुसला गेला. त्या जमाती हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पंधरा ऑगस्टनंतर पाच वर्षांनी आलेले त्यांचे स्वातंत्र्य!

आणि लगेच मागच्या दाराने 'सराईत गुन्हेगार' आले. ठिकठिकाणच्या राज्यांनी तसे कायदे केले, मुंबई राज्याने १९५९ मध्ये. मराठवाडा तेव्हा मुंबई राज्यातच होता. कागदावर पाहिले तर हा कायदा व्यक्तीबद्दल आहे, जमातीबद्दल नाही. वारंवार शिक्षा झालेल्यावर लक्ष ठेवणे यात वावगे काही नाही. पण वहीत नावे कोणाची चढली? लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ मध्ये आले आणि दुसऱ्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते धनेगावचे. आज ते गाव लातूर जिल्ह्यात असले तरी १९८२ मध्ये लातूर वेगळे होईपर्यंत ते आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात होते. ज्याला शिक्का पुसल्यानंतरही शिक्का कसा राहतो ते समजून घ्यायचे असेल, त्याने ते पुस्तक वाचावे. मी ते वाचले तेव्हा चाळिशीकडे झुकत होतो आणि मला पहिल्यांदा आजीचे तोडे आठवले. तोवर ती आमच्या घरात हसून सांगायची गोष्ट होती.

अलीकडचे दोन टप्पे सांगतो. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या संहितेत ३१० आणि ३११ ही दोन कलमे ठगांची होती. टेलर नळदुर्ग सोडून गेल्यावर पाच वर्षांनी लागू झालेली ती कलमे २०२४ पर्यंत पुस्तकात होती. नव्या संहितेत ती नाहीत. किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवेची शिक्षा प्रथमच आली. मात्र टोळीने केलेल्या पाकीटमारीसारख्या चोऱ्यांसाठी ११२ वे नवे कलमही आले आहे. त्यात कृत्य सिद्ध व्हावे लागते, नुसती टोळी पुरत नाही. ठाण्याच्या ओट्यावर ते तसेच वाचले जाईल का, यावर सारे अवलंबून आहे.

दुसरा टप्पा ३ ऑक्टोबर २०२४ चा. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतले जातीवर आधारलेले नियम घटनाबाह्य ठरवले. कोणत्या जातीच्या कैद्याने स्वयंपाक करायचा आणि कोणी संडास झाडायचे, हे त्या पुस्तिकांत लिहिलेले होते. काहींत भटक्या-विमुक्त जमातींच्या माणसाला पहिल्याच खेपेला सराईत धरण्याची सोय होती. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश झाला. याच निकालात पोलिसांनाही सांगितले आहे की विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होणार नाही याची काळजी घ्या.

आमच्या ओसरीवरच्या त्या दुपारी हा आदेश असता तर हवालदाराला आधी विचारावे लागले असते की तोडे शेवटचे कोणी पाहिले. आजीला विचारले असते तर कदाचित तिला त्याच दिवशी आठवले असते. ते सांगता येत नाही. पण पाचव्या दिवसापासून नवव्या दिवसापर्यंत ती दोन माणसे कोठडीत होती, ती हवालदारामुळे नव्हे. तेव्हा आमच्या घरातल्या सात माणसांना खरे काय ते माहीत होते, आणि त्या सातांत मीही होतो.